नागपुरात राहून लिहिताय? लिहिणं चालू ठेवण्यासाठी आणि एकटं पडू नये म्हणून काय काय करावं

माझी पहिली कथा २०१४ साली एका दिवाळी अंकात छापून आली. अंक घरी आला त्या दिवशी आईनं तो देवघरात नेऊन ठेवला. त्यानंतर चार वर्षं मी एक ओळ लिहिली नाही.

तसं काही बिघडलं नव्हतं. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या बिलिंग काउंटरवर मी सकाळी आठला बसते, चारला सुटते. मग स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. पण हे सगळं पहिली कथा लिहिली तेव्हाही होतंच. फरक एवढाच होता, की तेव्हा शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण रोज डबा खाताना विचारायची, "मग पुढं काय झालं त्या पोरीचं?" तिची बदली झाली, ती दुसऱ्या शहरात गेली, आणि विचारणारं कुणी उरलं नाही. लिहिणं थांबलं ते त्यामुळं, हे कळायला मला चार वर्षं लागली.

तुमची तेवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. नागपुरात किंवा आसपासच्या गावांत राहून कथा, कविता, ललित असं काही लिहू पाहणाऱ्या, आणि ज्यांच्या घरात किंवा ओळखीत कुणी लेखक नाही, अशांसाठी हे आहे. लिहावं कसं, हे यात नाही. लिहिणं मध्येच सुटू नये म्हणून काय करायचं, तेवढंच आहे.

१. आधी वाट बघणारा माणूस शोधा

नवीन माणूस सगळ्यात आधी चांगली वही घेतो, टेबल लावतो, कार्यशाळेची फी भरतो. मी म्हणेन, हे सगळं नंतर. आधी एक माणूस शोधा, जो ठरलेल्या दिवशी तुमच्या पानाची वाट बघेल.

तो लेखक असायची गरज नाही. समीक्षक तर नकोच. कथा ऐकायला आवडणारी वहिनी चालेल, शाळेतला मित्र चालेल, जुन्या बाई चालतील. माझ्यासाठी वर्ध्याची एक वर्गमैत्रीण होती. तिचा साहित्याशी संबंध एवढाच, की ती रात्री झोपताना चार पानं वाचते. मी तिला सांगितलं, "दर रविवारी रात्री नऊपर्यंत मी तुला दोन पानांचा फोटो पाठवेन. तू चांगलं-वाईट काही बोलू नकोस. फक्त वाचलं म्हणून सांग. आणि नऊ वाजून गेले तर मला फोन कर." पहिल्या महिन्यात तिनं दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी मी भात शिजत ठेवून स्वयंपाकघराच्या ओट्यावरच दीड पान लिहिलं. त्या दीड पानातून पुढं एक अख्खी कथा निघाली.

हा माणूस निवडताना दोन गोष्टी सांभाळा. नवऱ्याला किंवा बायकोला हे काम देऊ नका. घरातल्या दहा गोष्टींचा राग त्या दोन पानांवर निघतो. आणि ज्याच्याकडून तुम्हाला नोकरीत किंवा नात्यात काही हवं आहे, अशालाही देऊ नका. तो खरं बोलणार नाही, आणि तुम्हीही त्याला खरं लिहून दाखवणार नाही.

२. जवळ काय काय असावं

फार काही लागत नाही. पण हे असू द्या:

– दोनशे पानी साधी वही, एका बाजूला समास सोडलेली. सुधारणा त्या समासात करायच्या.
– मोबाइलवर युनिकोड मराठी कळफलक. युनिकोड म्हणजे कुठल्याही फोनवर, संगणकावर वाचता येणारी अक्षरं. बोलून टाइप करायची सोय त्यातच असते. पहिल्या खर्ड्यासाठी ती वापरा, पण नंतर डोळ्यांनी वाचून दुरुस्त करा. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं ती हमखास चुकवते.
– एक चांगला मराठी शब्दकोश आणि शुद्धलेखनाच्या नियमांची पुस्तिका. नियम एकूण अठराच आहेत: १९६२ साली चौदा ठरले आणि १९७२ साली चार वाढवले. दोन संध्याकाळी बसलात तर वाचून होतात.
– एक स्वतंत्र ईमेल पत्ता. लाइटबिल आणि बँकेच्या मेलमध्ये संपादकाचं उत्तर हरवतं.
– नोंदवही. यात काय लिहायचं ते सातव्या मुद्द्यात सांगते.
– पाच-सहा ओळींचा स्वतःचा परिचय, पत्ता आणि एक फोटो, तयार करून ठेवलेला. साहित्य स्वीकारलं की हे लगेच मागतात, आणि तेव्हा घाईत लिहिलेला परिचय वर्षानुवर्षं छापून येत राहतो.

लॅपटॉप नसला तरी अडत नाही. माझ्या पहिल्या तीन कथा मोबाइलवरच टाइप झाल्या.

३. वेळ ऋतूप्रमाणे बदला

रोज पहाटे पाचला उठून लिहा, असा सल्ला सगळे देतात. नागपुरात तो बारा महिने चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्री दोनपर्यंत भिंती तापलेल्या असतात, झोप लागते तीच पहाटे. तेव्हा पाचचा गजर लावून मी दोन उन्हाळे स्वतःला दोष देत काढले. आता मार्च ते जूनमध्ये मी ऑफिसातच, डबा खाल्ल्यावरची वीस मिनिटं घेते. पावसाळ्यात आणि थंडीत पहाट.

वीस मिनिटं म्हणजे वीसच. जास्त मिळाली तरी उठा. उद्या कुठून सुरू करायचं ते मनात असताना वही मिटली, की दुसऱ्या दिवशी बसायला जड जात नाही.

४. चार-सहा जणांची बैठक सुरू करा

वाट बघणारा माणूस तुम्हाला लिहितं ठेवतो. पण लिहिलेलं सुधारायचं असेल तर लिहिणारी माणसं लागतात, आणि ती समोर बसलेली लागतात. आमची बैठक प्रतापनगरला एका ताईंकडे भरते, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चारला. सुरुवातीला आम्ही तिघं होतो, आता पाच आहोत. सहाच्या वर जाऊ देत नाही. सातवा माणूस आला की कुणाचं तरी वाचायचं राहतं, आणि राहिलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही.

बैठक कशी चालते ते नीट सांगते, कारण यातच बहुतेक गट मोडतात.

प्रत्येक वेळी दोघांचंच वाचन. ज्याचं वाचन आहे त्यानं सगळ्यांसाठी छापील प्रती आणायच्या. झेरॉक्सचे पंधरा-वीस रुपये जातात, पण कागद हातात असला की माणूस ओळ दाखवून बोलतो, हवेत बोलत नाही. लेखकानं स्वतः मोठ्यानं वाचायचं. उन्हाळ्यात आम्ही वाचताना कूलर बंद करतो, नाहीतर त्या घरघरीत वाक्याचा शेवटच ऐकू येत नाही. घामाच्या धारा लागतात. पण एका गोष्टीचा मला फायदा झाला: कूलर बंद असताना माझ्या कथेत उगाच लांबवलेली जागा आली, की लोक रुमाल शोधायला लागतात. ती जागा मी तिथल्या तिथं पेन्सिलीनं खुणावते.

वाचन झाल्यावर लेखकानं दहा मिनिटं गप्प बसायचं. "मला तसं म्हणायचं नव्हतं" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. छापून आल्यावर वाचकाच्या घरी जाऊन आपण समजावणार नाही, मग इथंही नाही. बाकीच्यांनी "छान", "भावलं" एवढ्यावर सोडायचं नाही. तीन गोष्टी सांगायच्या: कुठं कान टवकारले, कुठं लक्ष उडालं, आणि कोणती गोष्ट दिसली नाही.

ही तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. आमच्या गटात एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यावर मी कथा लिहिली होती. माझे बाबा तिकडचेच. कथेतल्या बापाच्या झाडांना डिंक्या लागतो, आणि तो खोडावरचा रोगट भाग खरवडून बोर्डो पेस्ट लावतो, असा प्रसंग होता. बाप हरतोय हे दाखवायला मी त्यात आकाश, सावल्या, सुरकुत्या असं बरंच घातलं होतं. सर सगळं ऐकून म्हणाले, "तो खरवडतो ते कशानं?" मी वहीत पाहिलं. मी लिहिलं होतं, "अवजारानं."

रात्री मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "जुन्या विळ्याच्या टोकानं. अन् खाली पोतं अंथरायचं बाई. ती साल मातीत पडू द्याची नाही. पोत्यावर जमा करायची अन् दूर नेऊन जाळायची." मी कथेतलं आकाश काढलं, सुरकुत्या काढल्या. झाडाखाली पोतं अंथरून गुडघ्यावर बसलेला माणूस ठेवला, आणि पोत्याची चार टोकं धरून ते उचलताना त्याच्या हातून एक टोक सुटतं, एवढंच लिहिलं. ती कथा छापून आली. सरांनी तो प्रश्न विचारला नसता तर ती आजही फाइलमध्ये असती.

असा गट कुठं मिळेल, असं बरेच जण विचारतात. तयार मिळत नाही, करावा लागतो. पुढच्या मुद्द्यात ज्या जागा सांगते आहे तिथल्या कार्यक्रमांत मागच्या रांगेत वही घेऊन बसलेली माणसं शोधा. आमच्या पाचातले तिघं तसेच भेटले.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा दोनशे जणांचा साहित्य ग्रुप म्हणजे गट नव्हे. तिथं सकाळी कविता टाकली की अकरा वाजेपर्यंत चाळीस फुलं येतात, आणि त्यातल्या पस्तिसांनी ती वाचलेली नसते. त्याची सवय लागली की बैठकीत एखाद्यानं "ही ओळ कळली नाही" म्हटलेलं सहन होत नाही. मी असे तीन ग्रुप सोडले. आमच्या पाच जणांच्या ग्रुपवर फक्त तारीख, पत्ता आणि कुणाचं वाचन, एवढंच येतं.

५. शहरात कुठं जायचं

नागपुरात लिहिणाऱ्याला अनेकदा वाटतं, की खरं सगळं पुण्या-मुंबईला घडतं आणि आपण कडेला आहोत. मलाही वाटायचं. पण कवी ग्रेस याच शहरात राहिले, इथंच शिकवलं, आणि २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. शहर लहान पडत नाही. आपण घराबाहेर पडत नाही.

पहिली जागा विदर्भ साहित्य संघ. १४ जानेवारी १९२३ रोजी, संक्रांतीच्या दिवशी अमरावतीत ही संस्था स्थापन झाली, आता तिचं मुख्यालय इथं झाशी राणी चौकात आहे. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवर त्याच चौकाच्या नावाचं स्टेशन आहे, त्यामुळं सुभाषनगर, शंकरनगरकडून येणाऱ्यांना संध्याकाळच्या कार्यक्रमाला गाडीच्या पार्किंगची चिंता नाही. व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, काव्यवाचनं तिथं होत असतात. संघाचं ‘युगवाणी’ हे नियतकालिक आहे, त्याचे जुने अंक मिळतील तेवढे वाचा. संघ विदर्भ साहित्य संमेलनही भरवतो. संमेलनाला नुसते प्रेक्षक म्हणून जाऊ नका. नवोदितांसाठी काही सत्र आहे का, कविकट्टा, म्हणजे नाव देऊन आपली कविता वाचायची जागा, आहे का, नाव कधीपर्यंत द्यायचं, हे आधी फोन करून विचारा. अखिल भारतीय संमेलनातही कविकट्टा असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत ९६ वं संमेलन वर्ध्याला झालं तेव्हा नागपूरहून सकाळी जाऊन रात्री परत येता येत होतं. असं संमेलन पुन्हा जवळपास आलं तर सोडू नका.

लेखिकांसाठी पद्मगंधा प्रतिष्ठान आणि अभिव्यक्ती वैदर्भीय लेखिका संस्था, या दोन्ही नागपूरच्या. घरातून संध्याकाळी एकटीनं निघणं जिथं कठीण आहे, तिथं "बायकांचा कार्यक्रम आहे" हे अजूनही उपयोगी पडतं, हे मी अनुभवानं सांगते.

विद्यापीठाचा मराठी विभाग, शासकीय विभागीय ग्रंथालय, सीताबर्डी आणि महालाकडची जुनी वाचनालयं, रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह, या जागा माहीत असू द्या. वाचनालयाची वर्गणी मात्र आजच भरा. दर पंधरा दिवसांनी पुस्तक परत करायला जावंच लागतं, आणि काउंटरवरच्या माणसाला तुमची आवड कळली की तो स्वतःहून पुस्तक काढून ठेवतो.

आणि दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी दसऱ्याला लाखो लोक येतात, आणि परत जाताना पिशवी भरून पुस्तकं नेतात. लिहिणाऱ्यानं तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर एक दिवस काढायलाच हवा. वीस-तीस रुपयांच्या पातळ पुस्तिकेपासून जाडजूड ग्रंथापर्यंत सगळं असतं, आणि गावाकडून आलेला माणूस आधी प्रवासाचे पैसे बाजूला मोजून ठेवतो, मग उरलेल्यात कोणतं पुस्तक बसतं ते पाहतो. पुस्तक कुणीतरी असं निवडतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की आपलं पान सैल सोडावंसं वाटत नाही.

कार्यक्रमाला गेल्यावर एक पथ्य पाळा. वक्त्याच्या हातात लगेच हस्तलिखित देऊ नका. तो माणूस दमलेला असतो, गाडी पकडायची असते, तो नम्रपणे घेतो आणि ते कुठंतरी राहून जातं. पहिल्यांदा नुसते जा. दुसऱ्यांदा त्यांच्या बोलण्यातल्या एखाद्या मुद्द्यावर प्रश्न विचारा. तिसऱ्यांदा तुमचा चेहरा ओळखीचा होतो, आणि मग तेच विचारतात, "तुम्ही लिहिता का?"

६. आपली बोली पुसू नका

हा मुद्दा प्रेरणेच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण माझ्या ओळखीतले निदान चार जण लिहायचे थांबले ते या कारणानं.

शाळेत आपल्याला "काहून" म्हटलं की हटकलं जातं. "करून राहिली" लिहिलं की लाल रेघ. मग माणूस लिहायला बसतो तेव्हा मनातल्या मनात आधी भाषांतर करतो: माय जे बोलली ते प्रमाण मराठीत कसं लिहायचं? ते करता करता मायचा आवाज जातो, आणि आवाज गेला की लिहिण्यातली गोडी जाते. थकवा तिथून येतो, आणि आपल्याला वाटतं आपल्यात प्रतिभाच नाही.

"तू का बसली आहेस? झाडं पाहून ये," असं मी त्या बगीच्याच्या कथेत बापाच्या तोंडी लिहिलं होतं. बैठकीत वाचलं तेव्हा माझं मलाच ते परकं वाटलं. बाबा म्हणाले असते, "काहून बसून राहिली? झाडं पाहून ये ना बाई." मी तसंच लिहिलं आणि संपादकांनी तसंच छापलं. निवेदन प्रमाण भाषेत ठेवायचं की तेही बोलीत, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण पात्राला त्याच्या तोंडची भाषा द्या. शुद्धलेखनाचे नियमही पात्रांच्या तोंडी बोलण्यातली रूपं मान्य करतात. वऱ्हाडी आणि झाडीबोलीत लिहिणारे तर आपल्याकडे कितीतरी आहेत. घरातल्या सत्तरीच्या माणसांशी बोलताना शब्द टिपून ठेवा. माझ्या वहीची शेवटची वीस पानं बाबांच्या शब्दांची आहेत.

७. पाठवा, नोंद ठेवा, पुढचं लिहायला घ्या

दिवाळी अंक ही आपली मराठीची खास गोष्ट. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला काढला, तेव्हापासून नवीन लेखकाला दार उघडं राहिलं ते मुख्यतः तिथं. पण बरेच नवखे सप्टेंबरमध्ये कथा पाठवतात. तोवर अंक छपाईला गेलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी, म्हणजे संपादकाची निवड पावसाळ्यातच उरकते. तुमचं साहित्य मे ते जुलै या काळात पोचायला हवं. यासाठी कथा मार्चपर्यंत लिहून व्हावी, एप्रिलची बैठक तिच्यावर व्हावी, आणि मे महिन्यात ती पुन्हा लिहावी. माझं सगळं वर्ष आता याच हिशेबानं चालतं.

पाठवताना:

अंक आधी वाचा. निदान मागच्या दोन वर्षांचे. विनोदी अंकाला शोककथा पाठवणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं.

युनिकोडमध्येच पाठवा, वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ. अनेक ठिकाणी छपाईची जुळणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होते, आणि रूपांतर करताना काही अक्षरं फुटतात. "वाऱ्यावर", "तऱ्हा" यांतला ऱ्य-ऱ्ह आणि "अ‍ॅ" हे पहिले बळी. पीडीएफ सोबत असली की मुळात काय होतं ते त्यांना दिसतं. प्रूफ पाहायला मिळेल का, हे विचारण्यात संकोच नको.

एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. तीच कथा दोन अंकांत आली तर दोन्ही संपादक कायमचे तुटतात.

पत्र चार ओळींचं ठेवा. "ही कथा मनाच्या गाभ्यातून आली आहे" वगैरे नको. शीर्षक, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचं आश्वासन, संपर्क. झालं.

आता ती नोंदवही. तिच्यात पाच रकाने आखा: शीर्षक, कुठं पाठवलं, तारीख, उत्तर, पुढं कुठं पाठवायचं. पाचवा रकाना पाठवतानाच भरायचा, उत्तर यायच्या आधी. "साभार परत" आलं, की त्या दिवशी विचार करायची ताकद नसते. वहीत पुढचा पत्ता लिहिलेला असला की नुसतं पाठवायचं काम उरतं. बगीच्याची कथा तीन ठिकाणांहून परत आली. चौथ्या ठिकाणी लागली. माझ्या वहीत उत्तराच्या रकान्यात "परत" हे "स्वीकृत" पेक्षा कितीतरी जास्त वेळा आहे, आणि मी ज्या-ज्या लेखकांना विचारलं त्यांचंही तसंच आहे. तीन महिने उत्तर आलं नाही तर एक विनयाचा मेल करा. त्यालाही उत्तर नाही, तर महिनाभरानं "कथा मागे घेत आहे" असं कळवून पुढं पाठवा.

मानधन बहुतेक ठिकाणी थोडं असतं, कुठं नसतंच. विचारलेलं बरं. अंकाची प्रत मात्र मागाच.

८. पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा

इथं मी पोळले आहे, म्हणून सविस्तर.

पहिली कथा आल्यावर वर्षभरात मला एका प्रकाशकाचा फोन आला. पुस्तक काढू, पाचशे प्रती, "तुम्ही फक्त छपाईचा खर्च द्या." मी पस्तीस हजार दिले. मुलाच्या नावानं ठेवलेले पैसे होते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, मिळवून देण्याचे वेगळे दोन हजार घेतले. पुस्तकाचं प्रूफ दाखवलं नाही, दुकानात एकही प्रत गेली नाही, आणि एक दिवस टेम्पोतून गठ्ठे घरी आले. त्यातल्या तीनशेवर प्रती पलंगाखाली होत्या. मी पलंगावर झोपायचे आणि खाली ते होतं. पुढं लिहायला न बसण्याचं तेही एक कारण होतं, हे आता कळतं.

त्या वेळी मला माहीत नसलेल्या गोष्टी:

आयएसबीएन भारतात मोफत मिळतो. केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. लेखक स्वतःही करू शकतो.

लिहिलं त्या क्षणापासून हक्क तुमचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी सक्तीची नाही, आणि हक्क लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. करारात "सर्व हक्क प्रकाशकाकडे" असं असेल तर सही करायच्या आधी थांबा. किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. तरी मुदत, प्रतींची संख्या आणि मानधनाचा दर हे तिन्ही कागदावर घ्या.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. मंडळ हस्तलिखितं मागवतं, तज्ज्ञांकडून वाचून घेतं आणि निवडलेल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देतं. आवाहन कधी निघतं यावर वर्तमानपत्रात लक्ष ठेवा. वेळ लागतो. लागू द्या.

"प्रातिनिधिक काव्यसंग्रह" नावाचा एक प्रकार आहे: प्रत्येक कवीकडून हजार-पंधराशे घ्यायचे, शंभर कवी जमवायचे, सन्मानचिन्ह द्यायचं. तो संग्रह त्या शंभर कवींच्या घराबाहेर कुणी वाचत नाही. ऑनलाइन स्पर्धेच्या प्रवेश फीचंही तसंच, तिथं भाग घेणाऱ्या प्रत्येकाला "उत्कृष्ट" प्रमाणपत्र मिळतं. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढण्यात काही गैर नाही. पण मग छापखान्याचं कोटेशन स्वतः घ्या, शंभरच प्रती काढा, आणि विकणार कोण हे आधी ठरवा.

९. मध्ये खंड पडला तर

पडेलच. घरात आजारपण येतं, मुलांची दहावी-बारावी येते. मागच्या वर्षी सासूबाईंच्या शस्त्रक्रियेत माझे पाच महिने गेले.

अशा वेळी लिहिण्याचा हट्ट सोडा, पण बैठक सोडू नका. वाचायला काही नसलं तरी जा, दुसऱ्याचं ऐका, प्रश्न विचारा. मी त्या पाच महिन्यांत तीन बैठकांना गेले, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात सरांची अख्खी कादंबरी पेन्सिल घेऊन वाचली. स्वतःचं एक अक्षर नव्हतं, तरी मी लिहिणाऱ्यांतून बाहेर पडले नव्हते.

परत सुरू करताना अर्धवट राहिलेली मोठी गोष्ट हातात घेऊ नका. तिच्यातला ओघ गेलेला असतो, ती वाचून मन खचतं. एक पान नवीन लिहा, आज दिवसभरात पाहिलेल्या एखाद्या माणसाचं. मी काउंटरवर आलेल्या एका आजोबांचं लिहिलं होतं. ते रिपोर्टचं पाकीट न उघडताच पिशवीत ठेवून म्हणाले होते, "घरी गेल्यावर पाहू, इथं काहून घाई."

मग ते पान वाट बघणाऱ्या माणसाला पाठवा. सोबत माफीनामा नको, कारणं नकोत. मी वर्ध्याला एवढंच लिहिलं होतं: "बरेच रविवार गेले. सोबत एक पान आहे. वाचलं की सांग."